रोपण झाले, श्रवणाचे काय?

जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलाचे बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही. मूल हसते, रांगते, आईकडे पाहून हात पसरते. काही मुले उशिरा बोलतात, अशी वडीलधारी माणसे समजूत घालतात आणि त्या समजुतीत दोन-तीन वर्षे निघून जातात. वस्तुतः भाषा रुजण्याच्या दृष्टीने हीच वर्षे सर्वांत मोलाची असतात. कॉक्लिअर इम्प्लांट या उपचाराच्या इतिहासाने हे सत्य ठळकपणे पुढे आणले. दुर्दैवाने त्या इतिहासातील चमत्कार तेवढा लोकांपर्यंत पोहोचला. धडा मात्र पोहोचला नाही.

१९५७ साली पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो व शार्ल एरियेस यांनी एका पूर्ण बहिऱ्या रुग्णाच्या श्रवण-मज्जातंतूला विद्युत्स्पंदने दिली. त्याला रातकिड्यांच्या किरकिरीसारखे आवाज जाणवले; बोलणे मात्र समजू शकले नाही. १९६१ मध्ये लॉस एंजेलिस येथे डॉ. विल्यम हाउस यांनी तोच प्रयत्न पुढे नेला. तरीही अनेक शास्त्रज्ञ साशंकच होते. अंतर्कर्णातील शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. त्यांचे काम मूठभर तारांनी कसे व्हावे, हा त्यांचा आक्षेप अगदीच अनाठायी नव्हता.

या आक्षेपाला उत्तर देणाऱ्यांत मेलबर्नचे डॉ. ग्रेम क्लार्क अग्रेसर होते. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येत असे. गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांची होणारी कुचंबणा क्लार्क यांनी लहानपणापासून पाहिली होती. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी अपघातात श्रवणशक्ती गमावलेल्या रॉड सॉन्डर्स यांच्या कानात अनेक विद्युदग्रे असलेले यंत्र बसविले. पुढे तपासणीच्या वेळी राष्ट्रगीताची धून ओळखताच सॉन्डर्स ताठ उभे राहिले. याच सुमारास व्हिएन्नात इंगेबोर्ग व एर्विन होखमायर हे दांपत्यही अशाच यंत्रावर काम करीत होते. अमेरिकेने अशा बहुविद्युदग्री यंत्राला १९८५ मध्ये प्रौढांसाठी आणि १९९० मध्ये मुलांसाठी मान्यता दिली.

हे यंत्र आवाज मोठा करीत नाही. कानामागचा भाग ध्वनीचे पृथक्करण करून तो संदेशरूपाने त्वचेखालील भागाकडे पाठवितो आणि आतील विद्युदग्रे निकामी रोमपेशींना ओलांडून थेट मज्जातंतूला चेतना देतात. त्या चेतनेचा अर्थ लावण्याचे काम मेंदूचे. ज्याने पूर्वी भाषा ऐकली आहे, त्याच्या मेंदूला जुनी ओळख पुन्हा पटते. ज्याने एकही शब्द ऐकलेला नाही, त्या बालकाला मात्र सारेच मुळापासून शिकावे लागते, आणि वयाबरोबर मेंदूची ही शिकण्याची क्षमता ओसरत जाते. म्हणूनच शस्त्रक्रिया हा उपचाराचा शेवट नसून आरंभ आहे.

भारतात खर्चाचा प्रश्न शासनाने अंशतः हाती घेतला. केंद्राच्या अपंग साहाय्य योजनेत २०१४ पासून गरीब कुटुंबांतील लहान मुलांच्या रोपणासाठी तरतूद झाली आणि मुंबईतील अली यावर जंग संस्थेकडे तिच्या समन्वयाचे काम आले. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह होते. परंतु बहिरेपण ध्यानात येईपर्यंतच मूल चार वर्षांचे झाले, तर लाखो रुपयांचे यंत्रही गेलेला काळ परत आणू शकत नाही. नवजात अर्भकाची श्रवणचाचणी काही मिनिटांत, त्याला कोणतीही इजा न होता करता येते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचारास आरंभ, हा क्रम वैद्यकात मान्य झालेला आहे. प्रसूतिगृहातून बाळ घरी जाण्यापूर्वी ही चाचणी लसीकरणाइतकीच अपरिहार्य मानली गेली पाहिजे.

दुसरा प्रश्न त्यानंतरच्या वर्षांचा आहे. बाहेरील यंत्राच्या तारा तुटतात, बॅटऱ्या संपतात, कालांतराने ते बदलावेही लागते. वाक्‌प्रशिक्षकाकडे वारंवार जावे लागते. रोजंदारीवरील बापाने त्यासाठी किती दिवसांची मजुरी सोडावी? तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षक व दुरुस्तीची सोय नसेल, तर शासनाने दिलेले यंत्र फडताळात पडून राहण्याचा धोका उघड आहे.

रोपण सर्वांना उपयोगी पडते, असेही नाही. ज्यांचा श्रवण-मज्जातंतूच विकसित झालेला नसतो, त्यांना त्याचा लाभ होत नाही. १८८० च्या मिलान परिषदेने बहिऱ्यांच्या शिक्षणातून खाणाखुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला आणि त्याची किंमत कित्येक पिढ्यांनी मोजली. यंत्राच्या उत्साहात त्या चुकीची पुनरावृत्ती होता कामा नये. मुलाला भाषा मिळणे महत्त्वाचे. मग ती कानावाटे मिळो वा हातांवाटे.

किती शस्त्रक्रिया झाल्या, हा आकडा प्रसिद्ध करणे सोपे आहे. त्यांपैकी किती मुले आज शाळेत इतरांबरोबर बोलत-शिकत आहेत, या प्रश्नाचे उत्तर मागितले गेले पाहिजे. योजनेचे खरे मूल्यमापन तेथेच होईल.