भामचंद्रावरील एकांत

इ. स. 1630च्या सुमारास दख्खनवर जो दारुण दुष्काळ कोसळला, त्यात घरची माणसे गमावलेले आणि व्यापारात दिवाळे निघालेले देहूचे तुकोबा गावाजवळच्या भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले, ते संसाराला पाठ दाखवून, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. कारण त्या एकांतानंतर त्यांनी काय केले, हे परंपरा स्पष्ट सांगते. वडिलोपार्जित सावकारीची खते त्यांनी बाहेर काढली, धाकटे भाऊ कान्होबा यांचा निम्मा हिस्सा त्यांच्या हवाली केला आणि आपल्या वाट्याची खते तेवढी इंद्रायणीत बुडविली. स्वतःचा वसुलीचा हक्क सोडावा, परंतु भावाच्या हक्काला हात लावू नये, हा विवेक केवढा सूक्ष्म! केवळ उद्वेगाच्या भरात सारेच दप्तर नदीत गेले असते. ही निर्मळ दृष्टी त्यांना डोंगरावरील मौनाने दिली, असे मी मानतो. सह्याद्रीच्या वाटा आज सुट्टीच्या दिवशी गजबजतात, याचा आनंदच आहे. मात्र कड्यावर पोचताच गाणी लावणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना कळकळीची विनंती आहे, की घटकाभर ती बंद ठेवावीत आणि जो निर्णय महिनोन्महिने अडून राहिला असेल, तो तेथे निवांतपणे मनापुढे मांडावा.