अंगठा न लागणाऱ्या विधवेचं काय?

'आता सरकार देतंय की!' ख्रिस्ती मंडळीच्या पंच कमिटीत हल्ली हे वाक्य वरचेवर कानावर येतं. विधवा-निराधारांच्या मदतीचा विषय निघाला की कुणीतरी रेशनचं फुकट धान्य आणि संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे 1500 रुपये मोजून दाखवतं, आणि चर्चा मंदिराच्या रंगकामाकडे वळते.

उलट टोकाचीही माणसं आहेत. त्यांच्या मते गरिबांची सेवा प्रभूनं मंडळीवर सोपवली आहे, सरकारनं त्यात पडूच नये. हे मला अजिबात पटत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली देशात सुमारे 80 कोटी लोकांना धान्य मिळतं, बहुतेकांना दरमहा माणशी 5 किलो. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती शंभरात एकही भरत नाही. कुठल्या दानपेटीतून एवढं धान्य निघणार? भुकेलेल्याला हक्कानं धान्य मिळतं याचा ख्रिस्ती माणसाला आनंदच व्हायला हवा.

पण ते धान्य मिळायला दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटावा लागतो. जन्मभर भांडी घासलेल्या, खुरपणी केलेल्या बाईची बोटं झिजलेली असतात. यंत्र लाल दिवा दाखवतं आणि दुकानदार म्हणतो, 'मावशी, अंगठा लागत नाही, उद्या या.' अंगठा लागला नाही तरी धान्य देण्याची दुसरी सोय नियमात आहे, पण ती तिला सांगणार कोण? निराधार योजनेतही तेच. उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणं, दरवर्षी हयातीचा दाखला. यातलं एक राहिलं की पैसे बंद. ती जिवंत असते, रविवारी उपासनेला आपल्या शेजारच्या बाकावर बसलेली असते, आणि सरकारदरबारी मात्र तिच्या जिवंत असण्याचा पुरावा नसतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात नेमकी हीच तक्रार आहे. यरुशलेमेतल्या मंडळीत रोजची वाटणी चालू होती, तरी ग्रीक बोलणाऱ्या विधवा तिच्यातून सुटत होत्या. प्रेषितांनी वाटणी बंद केली नाही आणि तक्रार करणाऱ्यांना गप्पही बसवलं नाही. त्या कामावर लक्ष ठेवायला मंडळीकडून सात माणसं निवडून घेतली. आपल्याकडे त्या सातांचं काम आज कोण करतं?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपण भाषणांत देतो, पण अर्धंच. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तिथून निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, एवढं आपण सांगतो. सरकारी मदत-छावण्यांत बायकांवर काय गुदरतं हेही त्यांनी पाहिलं होतं, आणि ते त्यांनी लिहून उघड्यावर आणलं. त्याच 1897 साली पुण्यात प्लेग आला. प्लेगच्या इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिलं आणि त्याची चर्चा थेट ब्रिटिश पार्लमेंटात झाली. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या या बाईनं पोरींना पोटाशी धरलं आणि सरकारलाही जाब विचारला. ही दोन्ही कामं त्यांच्या लेखी एकच होती.

आपली पहिली पिढी बहुतेक दलित वस्त्यांतून आली. 1950च्या राष्ट्रपती आदेशामुळे ख्रिस्ती दलिताला आजही अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. सरकारच्या यादीबाहेर राहणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं शिकावं लागत नाही. म्हणून 'सरकार देतंय' हे वाक्य आपल्याच तोंडून आलं की फार लागतं.

यंदा कापणीच्या सणाला अर्पणांच्या लिलावाचे पैसे जमतील. त्यातला एक हिस्सा निराधार बायांच्या तहसीलच्या खेपांसाठी बाजूला काढावा: एसटीचं भाडं, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्राचा खर्च. तरुण संघातल्या दोघा-तिघांनी वस्तीतल्या प्रत्येक विधवेच्या घरी जाऊन विचारावं: रेशन मिळतं का, अनुदान शेवटचं कधी आलं, कुठला कागद अडलाय. ज्या घरी या महिन्यात काहीच आलेलं नाही, तिथे कागद होईपर्यंत पीठ-तांदूळ मंडळीनं पोचवावा. आणि पाळकसाहेबांनी त्या बायांसोबत तहसील कार्यालयात एकदा तरी जावं, झगा घालून गेले तर आणखी बरं.