उएनोच्या फलाटावरची बोली

जपानविषयी मराठीत लिहिले जाऊ लागले की लेखक लवकरच रेल्वे स्थानकावर पोहोचतो. तेथे गाडी ठरल्या क्षणी येते, उतारू रांगेत उभे असतात, फलाटावर कागदाचा कपटाही नसतो; आणि परिच्छेदाच्या अखेरीस 'आपल्याकडे मात्र...' असा सुस्कारा येतो. या सुस्काऱ्याचा आम्हांला कंटाळा आला आहे. त्यातले निरीक्षण खोटे नाही. परंतु त्यात स्थानक दिसते, माणसे दिसत नाहीत. वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही तोच चष्मा लावावा, ही खरी खंत आहे.

तोक्योतील उएनो स्थानक घ्या. ते १८८३ साली सुरू झाले. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत इमारत नष्ट झाली. आजची १९३२ सालची. ईशान्येकडील तोहोकू प्रदेशातून राजधानीत येणाऱ्यांसाठी हे प्रवेशद्वार होते. युद्धानंतर त्याच्या भुयारी मार्गांत अनाथ मुले आणि बेघर माणसे आसऱ्याला राहिली. १९५४ पासून खास गाड्या येऊ लागल्या. त्यांत शाळा नुकतीच संपवलेली, पंधरा वर्षांच्या आसपासची खेड्यांतली मुले असत. शहरातल्या दुकानांना आणि कारखान्यांना स्वस्त हात हवे होते. या मुलांना 'सोन्याची अंडी' म्हटले जाई. हे कौतुक कोणाच्या सोयीचे होते, ते सांगायला नको. १९७५ पर्यंत या गाड्या धावल्या. वक्तशीरपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी वेळापत्रकाची ही बाजूही पाहावी.

कोणी म्हणेल, हा इतिहास झाला, साहित्याचा येथे काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. इवाते प्रांतातून आलेला, १९१२ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेलेला कवी इशिकावा ताकुबोकु याची एक तान्का आहे. जन्मगावच्या बोलीची आठवण अनावर होऊन स्थानकाच्या गर्दीत शिरणारा माणूस तिच्यात आहे. कवितेत स्थानकाचे नाव नाही; तरी ते उएनोच, असे मानले जाते आणि तिचे स्मारक त्या स्थानकातच आहे. या माणसाला गाडी पकडायची नाही, कोणाला निरोप द्यायचा नाही. त्याला फक्त ऐकायचे आहे.

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, हे ऋण मोठे आहे. पण पुढे आम्ही जपानी कविता म्हणजे बेडूक, चांदणे आणि क्षण, एवढ्यावरच थांबलो. पोट भरण्यासाठी बोली सोडून आलेल्या माणसाची कविता आमच्या टिपणांत आलीच नाही.

यू मिरी यांची उएनो स्थानकाचे नाव धारण करणारी कादंबरी २०१४ साली आली. तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२० साली अमेरिकेतील नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. फुकुशिमाकडचा एक मजूर १९६४ च्या ऑलिंपिकच्या बांधकामांवर राबतो, म्हातारपणी उएनोच्या उद्यानात बेघर होतो, आणि मेल्यानंतर आपली कहाणी सांगतो. राजघराण्यातील कोणी तेथे येणार असले की बेघरांना आपले तंबू हलवावे लागतात. परिसर स्वच्छ दिसतो, तो असाही. स्वच्छता वाईट, असे आम्ही म्हणत नाही. ती कोणाला हटवून आली, हे विचारल्यावाचून तिचे स्तोत्र रचू नये, एवढेच म्हणतो.

आता थोडे स्वतःकडे. आम्ही उएनो पाहिलेले नाही, वाचले आहे. परंतु ती तान्का वाचताना आम्हांला आमचाच वर्ग आठवला. बोलींच्या अभ्यासाची आम्ही टिपणे देतो, बोलीतल्या कादंबऱ्या नेमतो. आणि तोंडी परीक्षेत एखादी विद्यार्थिनी आपल्या गावच्या बोलीत उत्तर देऊ लागली की आमच्याच भुवया वर जातात. ती चपापते, वाक्य दुरुस्त करते. पुढच्या खेपेस कमी बोलते. आपली बोली ऐकायला तिने कोणत्या स्थानकावर जावे?

तेव्हा जपानचे प्रवासवर्णन पुन्हा हाती आले, तर घड्याळ जरा बाजूला ठेवू. त्या फलाटावर कोण उतरले आणि कोणत्या बोलीत बोलत उतरले, हे आधी विचारू. आणि तोच प्रश्न आपल्या वर्गाच्या दारातही विचारू. तेथे उत्तर द्यायचे आहे ते आपल्यालाच.