मिनिटात ६१ सेकंद? काट मारण्याआधी थोडं थांबा



‘एका मिनिटात किती सेकंद?’ चौथीतल्या एका मुलीने उत्तर लिहिलं, ‘६०, पण कधी कधी ६१.’ मी लाल पेनाने काट मारली. घरी येऊन शोधलं, तर पोरगी बरोबर होती! १ जानेवारी २०१७ ला आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आधीचं मिनिट खरंच ६१ सेकंदांचं होतं.

पृथ्वीची गिरकी थोडी मागेपुढे होते, अणुघड्याळ मात्र एकसारखं चालतं. दोघांतला फरक ०.९ सेकंदाच्या आत राहावा म्हणून १९७२ पासून २७ वेळा असा ‘लीप सेकंद’ वाढवला गेला. पृथ्वीच्या फिरण्यावर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था साधारण सहा महिने आधी तो जाहीर करते. धोंड्याचा महिना पंचांगात आधीच छापलेला असतो ना, तसंच काहीसं.

संगणकांना हे कोण सांगतं? टाइम सर्व्हर. त्याच्या प्रत्येक उत्तरात दोन अंकांची एक खूण असते. ०० म्हणजे नेहमीसारखं. ०१ म्हणजे शेवटचं मिनिट ६१ सेकंदांचं, १० म्हणजे ५९ चं. (५९ ची वेळ अजून आलेली नाही.) आणि ११ म्हणजे ‘माझंच घड्याळ जुळलेलं नाही, माझ्यावर विसंबू नका.’

ही ११ ची खूण मला फार आवडली. आपण फळ्यासमोर उभं राहून असं कितीदा म्हणतो?

काही सर्व्हर खूण न देता तो सेकंद दिवसभरात थोडाथोडा वाटून टाकतात. गुगल दुपारी १२ ते दुसऱ्या दुपारी १२ असं करतं (जागतिक प्रमाणवेळेनुसार). दोन्ही रीती चालतात, पण एकाच संगणकाला दोन्हीकडून वेळ दिली की अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो आणि खरं कुणाचं, हे त्याला कळत नाही. घरी एक आणि शाळेत दुसरं ऐकणाऱ्या मुलाचं तरी वेगळं काय होतं?

कुणी म्हणेल, एवढ्या लहान मुलांना कशाला गोंधळात टाकायचं? अहो, २९ फेब्रुवारी आपण शिकवतोच की! नियम ६० चाच राहू द्या. मात्र ६१ लिहिणाऱ्याला ‘हे तुला कुठे कळलं?’ एवढं तरी विचारा. २०३५ पर्यंत ०.९ ची मर्यादा वाढवायचं जगाने २०२२ मध्ये ठरवलंय, म्हणजे पुढे हा सेकंद बहुधा दिसणारही नाही. मुलाचा प्रश्न मात्र उद्याही वर्गात येणारच.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची वही परत मागितली. काट खोडली, पूर्ण गुण दिले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालो, ‘काल माझं घड्याळ जुळलेलं नव्हतं.’