आपले आरोग्य : उरलेल्या गोळ्या द्याव्यात का?

प्रश्न : वडिलांच्या गालावरची गाठ काढून तिथे कानामागची त्वचा बसवली आहे. आज चौथा दिवस. शस्त्रक्रियेपूर्वी अँटिबायोटिकचे एक इंजेक्शन दिले; नंतर गोळ्या मात्र लिहून दिल्या नाहीत. घरात जुन्या गोळ्या उरल्या आहेत. त्या द्याव्यात का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : मुळीच देऊ नका. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्याने तिथे जंतुसंसर्ग तुलनेने कमी होतो. अशा स्वच्छ शस्त्रक्रियेत आधी दिलेला एक डोस बहुधा पुरतो. विनाकारण गोळ्या घेतल्यास जुलाब, पुरळ असे त्रास होऊ शकतात आणि जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

बसवलेली त्वचा पहिले दोन दिवस खालच्या जखमेतील द्रवावर तगते. मग तिला रक्तवाहिन्या जोडल्या जातात. ती हलली किंवा खाली रक्त साचले, तर ती जगत नाही. म्हणून पट्टी घरी सोडू नका, भिजवू नका. विडी-सिगारेट बंदच ठेवा.

ताप, पू, दुर्गंधी किंवा वाढते दुखणे जाणवल्यास मात्र त्याच दिवशी सर्जनना दाखवा. त्यांनी गोळ्या दिल्या, तर सांगितले तितके दिवस जरूर घ्याव्यात.