ठेव लोणंदची, पहारा मुंबईचा

सातारा जिल्ह्यातील लोणंद हे कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव. पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्थानक आणि आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीचा मुक्काम, ही त्याची आणखी दोन वैशिष्ट्ये. अशा गावातील व्यापारी, शिक्षक किंवा बागायतदार 'शेअर बाजाराशी आपला काय संबंध?' असे सहज म्हणून जातो. त्याची ठेव बँकेत असते, आयुर्विम्याचा हप्ता नियमित जात असतो, नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधी कापला जातो. या तिन्ही वाटांनी गेलेला त्याचा पैसा रोखे बाजारात किंवा भांडवल बाजारात पोचतो, हे त्याच्या ध्यानात येते ते बहुधा काही बिघडल्यावर. मुंबईतील आर्थिक घोटाळ्यांचा माग काढणाऱ्या पत्रकाराचे काम कोणासाठी असते, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच दलाल स्ट्रीटवर शोधण्याऐवजी लोणंदसारख्या गावात शोधणे अधिक योग्य ठरेल.

या संदर्भात सुचेता दलाल यांच्या चार दशकांच्या कारकिर्दीकडे पाहण्यासारखे आहे. २०२० मध्ये आलेल्या 'स्कॅम १९९२' या मालिकेमुळे त्यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोचले. परंतु मालिकेला नायक आणि खलनायक लागतात. प्रत्यक्षातील कामाला लागतात ती कागदपत्रे, चिकाटी आणि कायद्याचे ज्ञान. धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयातून संख्याशास्त्राची पदवी आणि मुंबई विद्यापीठातून कायद्याचे उच्च शिक्षण घेऊन त्या १९८४ मध्ये या व्यवसायात आल्या. आकड्यांतील विसंगती दिसणे आणि ती छापताना कायद्याच्या कसोटीवर टिकेल अशी मांडता येणे, ही या प्रकारच्या पत्रकारितेची दोन चाके आहेत. एक नसेल तर गाडी पुढे सरकत नाही.

२३ एप्रिल १९९२ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांची बातमी प्रसिद्ध झाली. स्टेट बँकेच्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारांत सुमारे ५०० कोटी रुपयांचा मेळ लागत नव्हता आणि त्याचा धागा शेअर बाजारातील 'बिग बुल' हर्षद मेहता याच्यापर्यंत जात होता. १९९१ च्या आरंभी हजाराच्या आसपास असलेला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक त्या वेळी साडेचार हजारांच्या घरात पोचला होता. उदारीकरणाचे वारे नुकतेच वाहू लागले होते आणि मेहताच्या आलिशान मोटारींची वर्णने कौतुकाने छापली जात होती. तेजीच्या भरात सर्वांनाच नफा दिसत असताना 'हा पैसा येतो कोठून?' असा साधा प्रश्न विचारणे लोकप्रिय नव्हते. दलाल यांच्या कामाचे मोल या प्रश्नात आहे.

उत्तर गुंतागुंतीचे भासले तरी लोणंदच्या मोंढ्यावरील माणसाला ते चटकन कळेल. समजा, वखारीत कांदा नाही, तरीही 'इतके क्विंटल कांदा या खरेदीदाराच्या नावे आहे' अशी पावती कोणी फाडली. ती पावती दाखवून दुसऱ्याने पैसे उचलले आणि ते पैसे तिसऱ्याच सौद्यात गुंतवले. भाव चढे आहेत तोवर कोणीच वखारीचे दार उघडून पाहणार नाही. बँकांमध्ये नेमके हेच घडले. बँका आपसांत सरकारी रोख्यांचे अल्पमुदतीचे व्यवहार करीत. त्यांत प्रत्यक्ष रोख्यांऐवजी 'बँक रिसीट' नावाची पावती देण्याची प्रथा पडली होती. रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयातील नोंदी तेव्हा हाताने होत आणि त्यांना विलंब लागे. मध्यस्थ दलालांनी या फटीचा फायदा घेतला. हाती रोखे नसताना पावत्या निघाल्या, बँकांचा पैसा दलालांच्या खात्यांत आला आणि तेथून शेअर बाजारात गेला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने या व्यवहारांतील गुंतलेली रक्कम ४ हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचे म्हटले.

रोख्यांचे पाठबळ नसलेल्या पावत्या देणाऱ्या बँकांत दोन छोट्या बँकांची नावे ठळकपणे पुढे आली. एक मेट्रोपॉलिटन सहकारी बँक आणि दुसरी बँक ऑफ कराड. ज्या बँकेच्या नावातच सातारा जिल्ह्यातील एक शहर होते, तिच्या पावत्यांवर मुंबईत मोठमोठे सौदे होत होते. १९९२ मध्येच ती अवसायनात निघाली आणि पुढे १९९४ मध्ये तिचा कारभार बँक ऑफ इंडियाकडे गेला. त्या काळी बँकेतील ठेवीला केवळ ३० हजार रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण होते. ही मर्यादा १ लाखावर गेली ती १९९३ मध्ये. ज्याने कधी एकही शेअर विकत घेतला नव्हता असा ठेवीदारही या प्रकरणात भरडला जाऊ शकत होता, हे यावरून स्पष्ट होते. मुंबईच्या फोर्टमधील सौद्यांची झळ पुणे-मिरज मार्गावरील गावांपर्यंत पोचते, ती अशी.

या बातमीनंतर केंद्रीय अन्वेषण विभागाचा तपास, विशेष न्यायालय आणि संयुक्त संसदीय समिती ही चक्रे फिरली. सेबीला १९९२ मध्ये वैधानिक अधिकार मिळाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, १९९४ पासून संगणकावर उलाढाल सुरू झाली. हर्षद मेहता २००१ च्या अखेरीस कोठडीत असतानाच मरण पावला. देबाशिष बसू यांच्यासमवेत लिहिलेले 'द स्कॅम' हे दलाल यांचे पुस्तक १९९३ मध्ये आले.

मात्र एक घोटाळा उघड केल्याने व्यवस्था सुधारते, हा समज २००१ ने खोटा ठरवला. केतन पारेख प्रकरणात पुन्हा एक सहकारी बँक बुडाली, ती अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल. त्याच वर्षी जुलैत युनिट ट्रस्टने 'यूएस-६४' या योजनेची पुनर्खरेदी थांबवली. निवृत्तीची पुंजी सुरक्षित राहील या विश्वासाने ज्यांनी हे युनिट घेतले होते, त्यांत निमशहरी महाराष्ट्रातील नोकरदारांचा भरणा मोठा होता. दलाल त्या काळात एक्स्प्रेस समूहासाठी स्तंभलेखन करीत होत्या. २००६ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. त्याच वर्षी 'मनीलाइफ' हे नियतकालिक सुरू झाले आणि २०१० मध्ये गुंतवणूकदारांच्या साक्षरतेसाठी 'मनीलाइफ फाउंडेशन' उभे राहिले. बातमी छापून येईपर्यंत पैसा गेलेला असतो, तेव्हा वाचकाला आधीच शहाणे करणे हेही पत्रकारितेचेच काम आहे, असा या वळणाचा अर्थ लावता येतो.

कारकिर्दीतील दुसरा मोठा टप्पा २०१५ मधला. एका जागल्याच्या पत्राच्या आधारे 'मनीलाइफ'ने एनएसईतील 'को-लोकेशन' सुविधेविषयी लिहिले. बाजाराच्या संगणकाजवळच आपला संगणक ठेवण्याची मुभा दलालांना पैसे भरून मिळत असे. तीत काहींना भावांची माहिती इतरांच्या आधी मिळत असल्याचा आक्षेप होता. पुन्हा मोंढ्याचेच उदाहरण घ्यायचे तर, उघड लिलावात पुकारलेली बोली एका खरेदीदाराला इतरांच्या क्षणभर आधी ऐकू यावी, असा हा प्रकार. १९९२ च्या धड्यांतून जी संस्था पारदर्शकतेचे प्रतीक म्हणून उभी राहिली, तिच्याविषयीच हा प्रश्न उपस्थित झाला.

एनएसईने १०० कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. ९ सप्टेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एनएसईची मनाईची मागणी फेटाळली आणि तिलाच ५० लाख रुपये खर्च भरण्याचा आदेश दिला. त्यातील दीड-दीड लाख दलाल आणि बसू यांना व उर्वरित रक्कम रुग्णालयांना द्यायची होती. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधितांकडे विचारणा झाली होती आणि तिला उत्तर मिळाले नव्हते, ही बाब न्यायालयाने महत्त्वाची मानली. शोधपत्रकाराचे खरे चिलखत कोणते, हे येथे दिसते. विचारलेल्या प्रश्नांची तारीखवार नोंद भाषेच्या धारेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

या प्रकरणाचा शेवट मात्र सरळ नाही आणि तो तसाच सांगितला पाहिजे. सेबीने एप्रिल २०१९ मध्ये एनएसईला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने तो रद्द करून १०० कोटी रुपये गुंतवणूकदार निधीत भरण्यास सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने संगनमताचा पुरेसा पुरावा नसल्याचे सांगत एनएसई व तिच्या माजी अधिकाऱ्यांविरुद्धचे हे प्रकरण निकाली काढले. बातमी खरी की खोटी याचा न्याय शिक्षेच्या मोजमापाने होत नाही. पत्रकाराने रास्त प्रश्न विचारला का, त्याला आधार होता का आणि त्यानंतर कारभारात बदल झाला का, हे निकष अधिक उचित आहेत.

आता प्रश्न उरतो तो मुंबईबाहेरचा. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा एका बांधकाम समूहाची कर्जे लपवण्यासाठी हजारो बनावट खाती वापरल्याचे बाहेर आले. बँक मुंबईची असल्याने ठेवीदारांचा आक्रोश देशभर दिसला. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा ५ लाख रुपये झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले. परंतु त्यापूर्वी तीन वर्षे ही बँक निर्बंधांखाली होती. त्या तीन वर्षांत किती लग्ने आणि किती शस्त्रक्रिया पैशांवाचून अडल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात नसतो.

गावोगावच्या पतसंस्थांची स्थिती तर याहून नाजूक आहे. रिझर्व्ह बँकेच्या ठेव विम्याचे छत्र त्यांच्यावर नाही. त्यांचे अहवाल छापले जातात, वार्षिक सभाही होतात. पण थकीत कर्जाचा तक्ता ओळीने वाचून सभेत दोन प्रश्न विचारणारा सभासद विरळा आणि त्या प्रश्नांची बातमी करणारा वार्ताहर त्याहून विरळा. संचालक मंडळात स्थानिक पुढारी असतो, तोच वृत्तपत्राला वाढदिवसाच्या जाहिराती देतो आणि गावात त्याच्याशी रोज गाठ पडते. मुंबईत दलाल यांच्यासमोर १०० कोटींचा दावा होता, तर तालुक्याच्या वार्ताहरासमोर असतो तो संपूर्ण गावाचा रोष. दोन्ही दडपणे खरीच, मात्र दुसऱ्याची दखल कोणतेही न्यायालय घेत नाही.

म्हणून दलाल यांच्या कारकिर्दीचा गौरव करून थांबणे पुरेसे नाही. त्यांनी वापरलेली साधने दुर्मीळ नाहीत. ताळेबंद वाचता येणे, लेखापरीक्षकाचे शेरे शोधणे, माहिती देणाऱ्याचे नाव जपणे आणि समोरच्याला लेखी विचारणा करणे, हे तालुक्याच्या ठिकाणीही शिकता येते. मराठी वृत्तपत्रांनी आपल्या जिल्हा वार्ताहरांना हे शिक्षण आणि अडचणीच्या वेळी वकील पुरवला, तर पतसंस्था बुडाल्यावर मोर्च्याची छायाचित्रे छापण्यापेक्षा मोठी सेवा घडेल. वाचकानेही आपल्या संस्थेचा यंदाचा अहवाल उघडावा, थकबाकीचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहावा आणि फरक कळला नाही तर सभेत उठून विचारावे.