बादलीभर स्ट्रॉबेरी आणि साखरेचा हिशेब

एप्रिलच्या मध्यावर मॉरिसव्हिलच्या आसपासची स्ट्रॉबेरीची शेते उघडतात आणि मे संपता संपता बंदही होतात. तेवढ्या अवधीत आपल्यापैकी बहुतेकजण मुलांना घेऊन एपेक्स किंवा रॅलेकडे एक चक्कर मारतातच. फोटो निघतात, शर्ट लाल होतात आणि परतताना गाडीत दोन-तीन बादल्या असतात. खरा प्रश्न पुढे स्वयंपाकघरात उभा राहतो.

पहिल्या वर्षी आम्ही 16 पौंड फळे आणली. मुलांनी हौसेने पांढरट फळेही तोडली होती. आंब्याच्या अढीवर वाढलेली मी, म्हटले ठेवली की पिकतील. स्ट्रॉबेरी एकदा तोडली की पुढे पिकत नाही, नुसती मऊ पडते. तिसऱ्या दिवशी निम्म्या फळांना बुरशी! तेव्हापासून मुलांना एकच नियम आहे: देठापर्यंत लाल असेल तेच तोडायचे.

दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले आणि जॅमच्या 14 बाटल्या भरल्या. फळाइतकी साखर, आईच्या मुरांब्याचे प्रमाण. चार वाटल्या, दहा घरात राहिल्या. मुलांनी दोन दिवसांत तोंड फिरवले, पण यजमानांनी पोळीबरोबर रोज दोन चमचे, असा हिवाळा काढला. वसंतात रक्ततपासणी झाली. ए-वन-सी 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. दोष एकट्या जॅमचा नाही, भात आणि बैठी नोकरीही आहेच. पण बाटल्या मीच भरल्या होत्या. आपल्या लोकांना हा आजार कमी वजनावरही गाठतो. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2015 पासून आशियाई लोकांची तपासणी बीएमआय 23 पासूनच करावी असे सांगितले आहे.

आकडेच बघा. कपभर ताज्या स्ट्रॉबेरीत सुमारे 50 कॅलरी असतात आणि प्रौढ स्त्रीला दिवसभर पुरेल एवढे क जीवनसत्त्व. तेवढ्याच कॅलरी एका मोठ्या चमचाभर जॅममध्ये येतात, त्याही बहुतेक साखरेच्या.

माझे मत सरळ आहे: फळे गोठवा, जॅम हौसेपुरता करा. धुऊन, कोरडी करून, मग देठ काढावेत (आधी काढले तर फळ पाणी पिते). ताटात सुटी पसरून गोठली की पिशवीत भरावीत. 0 अंश फॅरनहाइटला ती वर्षभर चांगली राहतात. डिसेंबरात मुलांच्या दह्यात पडतात तेव्हा बादलीचे पैसे वसूल होतात. बाटल्यांचे तसे नाही. साखर, पेक्टिन आणि दर खेपेला नवी झाकणे (ती दुसऱ्यांदा वापरू नयेत) धरली तर घरचा जॅम दुकानापेक्षा स्वस्त पडतोच असे नाही.

करायचाच असेल तर आजीच्या बरणीला फडके बांधण्याची पद्धत इथे नको. भरलेल्या छोट्या बाटल्या झाकण लावून उकळत्या पाण्यात 10 मिनिटे बुडवून ठेवाव्यात. मेण ओतून तोंड बंद करण्याची जुनी रीत आता सुरक्षित मानत नाहीत. साखर अंदाजाने कमी करू नये; कमी साखरेचे वेगळे पेक्टिन मिळते, त्याच्या पाकिटावरचे प्रमाण पाळावे.

आणि मुलांना जरूर न्यावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1983 मध्ये आणलेली चँडलर ही जात इथल्या शेतांत लावतात आणि महाबळेश्वर-पाचगणीतही. हे सांगितल्यावर माझी धाकटी म्हणाली, "म्हणजे आजीकडचीच की!" यंदा आम्ही 8 पौंडच आणली. जॅमच्या बाटल्या दोन, त्यातली एक शेजारी गेली. जूनमध्ये ब्लूबेरी येईल; ती मात्र न धुता तशीच गोठवायची आणि खाताना धुवायची, म्हणजे साल चिवट होत नाही.